शिट्टीशिवाय ओ द्यायची नाही

आमच्या शाळेची सहल निघाली की बसमधली सगळी मुलं उजव्या खिडक्यांना चिकटत, कारण फाटकाच्या उजवीकडे आईबाप हात हलवत उभे असत. शिट्टीबाई तेवढ्या डावीकडे बघत. डावीकडे शाळेची मागची भिंत, सायकलींची रांग आणि एक बंद पडलेला नळ, एवढंच. "जिकडे सगळ्यांचे डोळे असतात तिकडे काही होत नाही," त्या म्हणत. "होतं ते दुसऱ्या बाजूला."

त्या भूगोल शिकवत आणि कवायत घेत. अंगाने किरकोळ, चालणं पटपट, आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली पितळेची शिट्टी. झोपतानाच काय ती खुंटीवर जायची. नाव त्यांनाही होतं, आईबापांनी हौसेने ठेवलेलं, पण ते हजेरीच्या कागदावरच राहिलं. पोरांनी, पोरांच्या आयांनी आणि पुढे पुढे दूधवाल्यानेसुद्धा त्यांना शिट्टीबाईच केलं.

नवरा शिंपी. घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. दोन मशीनी, चिंध्यांचं पोतं, भिंतीला टेकवलेला उंच आरसा. दर सहलीआधी तो उरलेल्या पिवळ्या अस्तराच्या टोप्या शिवून द्यायचा. पिवळ्याच का, तर पिवळं कापड गढूळ पाण्यातसुद्धा लांबून दिसतं, असं बाईंनी त्याला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तो बिचारा विचारत होता, टोपीला गोंडा लावू का.

"हिला चमच्यात बुडालेलं माणूस दिसतं," सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

"चमच्यात नाही, आई. बादलीत बुडतात. रांगणारी मुलं," बाई ताटं पुसता पुसता उत्तर देत.

घरात रांगणारं मूल नव्हतं. तरी सासूबाई पुटपुटत उठायच्या आणि मोरीतली बादली पालथी घालून यायच्या. भीती अशी असते. आधी तिला हसायचं आणि मग गुपचूप तिचं ऐकायचं.

सहलीच्या आधीच्या एखाद्या सुट्टीला बाई ती वाट एकट्या चालून येत. हे शाळेने त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि कोणी त्यांना सोबतही केली नाही. वाटेत जिथे जमीन बरी वाटत नसे, तिथे त्या खाली बसत, आपले डोळे आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांइतके खाली येतील असं. उभ्या माणसाला कठड्याच्या वरून दिसतं. पोराला कठड्यातल्या फटीतून दिसतं आणि फट त्याला बोलावते. तसं बसून त्या स्वतःला विचारत, इथे कोण? मग वर्गातला एक चेहरा डोळ्यांपुढे येई. आला की त्याला हाकलून द्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. पाय कसा सटकला, हात कशाला धरायला गेला, ओरडणं ऐकू आलं का, पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं, हे सगळं शेवटपर्यंत बघायचं. त्या पोराच्या दारात आपण उभे आहोत आणि आतून त्याची आई हात पुसत येते आहे, इथपर्यंत. मग उठायचं, कपडे झटकायचे आणि ठरवायचं की या वळणावर मोठं माणूस उभं करायचं, इथे दोरी धरायची, इथून परत फिरायचं.

अशा रीतीने बाईंनी वर्गातलं जवळजवळ प्रत्येक पोर मनातल्या मनात एकदा तरी गमावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या की त्या सगळ्यांकडे उगाच बघत राहायच्या. पोरांना वाटे, आता गृहपाठ विचारणार.

त्या वर्षी टेकडीवर जायचं ठरलं. टेकडीच्या अंगाला दगडाची जुनी खाण होती, आता हिरव्या पाण्याने अर्धी भरलेली, आणि उतरायची वाट खाणीच्या काठावरून वळसा घेई. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, विचारलं, "मग जबाबदारी कोण घेणार?" सगळ्यांना एकदम चहा गरम लागला. जो तो कपात फुंकर मारत बसला.

"मी घेते," बाई म्हणाल्या. "पण वळणावर दोरी लागेल. आणि माझ्याबरोबर अजून एक जण."

"मी येतो की," चित्रकलेचे सर म्हणाले. नवीन होते, हौशी होते, आणि नकला फार छान करत. मोठ्या सरांच्या खोकल्याची नक्कल ते मोठ्या सरांच्या देखत करत. "बाई शेवटाला, मी पुढे. पोरं मध्ये. सँडविच!"

त्या खाणीच्या वळणावर बाई आधीच बसून आल्या होत्या. 'इथे कोण' म्हणताच भिंगरीचा चेहरा आला होता. भिंगरी म्हणजे पायाला स्प्रिंग लावलेला मुलगा, वर्गात बाकावरूनही पडायचा. त्याला त्यांनी त्या हिरव्या पाण्यात तीनदा पडताना पाहिलं आणि दोरीची लांबी ठरवली.

पेन्सिलचा चेहरा आला नव्हता. पेन्सिल म्हणजे उभी सरळ, बारीक मुलगी, आठ वर्षांची, सांगितलेली गोष्ट कधी न मोडणारी. ती बाईंच्या कुठल्याच अपघातात कधी नव्हती.

आता त्या नियमाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

बाई स्वतः लहान असताना एका सहलीत मागे राहिल्या होत्या. पाण्याच्या टाकीमागे फुलपाखरू बघत बसल्या आणि बस निघून गेली. टाकीच्या भिंतीशी अंग चोरून बसल्या असताना रस्त्यावर एक माणूस सायकलवरून आला. थांबला. त्याने त्यांना हाक मारली, तीही घरात मारतात त्या लाडाच्या नावाने. गोड आवाजात मारली. बाईंना का कोण जाणे, पण त्या आवाजाने काटा आला. त्या टाकीच्या मागे मागे सरकल्या. त्याने पुन्हा हाक मारली, घंटी वाजवली, थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि गेला. संध्याकाळी वडील आले आणि घेऊन गेले. तो सायकलवाला कोण होता हे कधीच कळलं नाही. कोणी म्हणालं शोधायला पाठवलेला असेल, कोणी म्हणालं देव पावला आणि पोर वाचली. नाव त्याला कुठून कळलं, हेही कोणाला सांगता आलं नाही. बाईंनी मात्र त्यातून आपला नियम काढला.

"चुकलात तर आहात तिथेच बसायचं. पाठ झाडाला नाहीतर दगडाला लावायची. कोणी कितीही गोड हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आवाज जवळ आला तर अजून मागे सरायचं, अजून लपायचं. माझी शिट्टी आली, दोन लांब आणि एक तोकडी, तरच बाहेर यायचं."

"तुम्ही हाक मारली तर?" भिंगरीने विचारलं होतं.

"तरी नाही. आवाजाची नक्कल करता येते."

आणि मैदानावर त्यांनी त्याची तालीमच घेतली. पोरं झाडांमागे लपली. चित्रकलेच्या सरांनी बाईंचा आवाज काढला, "चला रे, या सगळे, बिस्किटं मिळणार आहेत," इतका हुबेहूब की घंटा वाजवणारा शिपाईसुद्धा आला. पोरं भराभरा बाहेर पडली आणि बाद झाली. एकटी पेन्सिल आली नाही. बाईंनी शिट्टी फुंकली तेव्हा ती पाण्याच्या पिंपामागून उठली, टोपी नीट केली आणि चालत आली. बाईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

सहलीच्या सकाळी बस घाटाला लागली आणि पेन्सिल पांढरी पडली. ती बाईंच्या शेजारी होती. काही सुचायच्या आत बाईंनी डोक्यावरची पिवळी टोपी काढून तिच्या तोंडापुढे धरली. झालं ते सगळं टोपीत झालं. पुढच्या थांब्यावर दोघी उतरल्या, टोपी कचऱ्याच्या डब्यात गेली, नळावर तोंड धुतलं.

"माझी टोपी घ्या," पेन्सिल रडवेली होऊन म्हणाली.

"नको. तुझी मला लांबून दिसायला हवी."

"कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही."

बसमध्ये चढताच भिंगरी ओरडला, "बाई, तुमची टोपी?"

"उडाली," बाई म्हणाल्या.

टेकडीवरचा दिवस चांगला गेला. पोरांनी डबे खाल्ले, चित्रं काढली. उतरायला निघाले आणि खालच्या दरीतून धुकं वर आलं. आधी पायांजवळ, मग कमरेला, मग समोरच्याची टोपीसुद्धा दिसेना. खाणीचं वळण अजून पुढे होतं. बाईंनी रांग थांबवली, पिशवीतली दोरी काढली आणि सगळ्यांच्या हातात दिली. मग त्यांनी एक गोष्ट केली जी आजवर केली नव्हती. गळ्यातली शिट्टी काढून चित्रकलेच्या सरांना दिली. पुढे आवाज असला तर रांग तुटणार नाही, असा त्यांचा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता.

"थांबत थांबत वाजवा. आणि वळणावर हळू."

दुभंगलेल्या मोठ्या दगडापाशी रांग जरा अडली. तिथे पेन्सिलने जोडीदारणीच्या कानात सांगितलं, मला जायचंय, दगडामागे जाऊन येते, बाईंना सांग. जोडीदारीण म्हणजे वर्गातली बडबडी, पण त्या धुक्यात तिची दातखीळ बसली होती. दोरी हलली तशी ती दोरीबरोबर चालू लागली. शेवटचं टोक हातात धरून बाई त्या दगडावरून गेल्या. हात लांब केला असता तर पोर हाताला लागलं असतं.

पायथ्याशी चहाची टपरी होती, तिथे बस उभी होती. बाईंनी दारात उभं राहून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं. एक कमी. पुन्हा मोजलं. बडबडी तोंडावर हात ठेवून रडायला लागली तेव्हा बाई तिच्यापुढे खाली बसल्या.

"कुठे?"

"मोठ्या दगडापाशी... मी सांगणार होते..."

बाईंनी न बघता सरांपुढे हात पसरला. "शिट्टी."

सर घोटाळले. "बाई, ती... वळणावर माझा पाय घसरला ना, शिट्टीची दोरी तुटली. खाली गेली. एवढं काय, उद्याच नवी आणून देतो तुम्हाला."

बाई त्या माणसाकडे बघत राहिल्या. तोवर बसचे ड्रायव्हरकाका आणि टपरीवाला हातात बॅटऱ्या घेऊन टेकडीकडे धावले होते, सरही त्यांच्या मागे पळाले. चांगली माणसं. कोणाला सांगावं लागलं नाही.

बाईंना लगेच जाता येईना. चाळीसेक पोरं बसमध्ये होती. त्यांनी टपरीवाल्याच्या बायकोला बसमध्ये बसवलं, दार लावून घ्यायला सांगितलं, कोणालाही उतरू देऊ नका म्हणाल्या. आणि दाराची कडी लागत असतानाच वरून धुक्यातून हाका आल्या.

"पेन्सिल! ए पेन्सिल! ये गं बाळा! घाबरू नकोस!"

ड्रायव्हरकाकांचा आवाज. भरघोस, मायेचा. त्यांना स्वतःला तीन मुली होत्या. पण खालून, धुक्यातून, तो आवाज ऐकताना बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच तो. रस्त्यावर सायकल थांबवून कोणीतरी गोड हाक मारत होतं, आणि बाईंना वाटलं आपणच आता कुठेतरी लपावं.

तेव्हा त्यांना कळलं, पोर काय करत असेल ते. ओ देणार नाही. आवाज जवळ आला की मागे सरेल. हाका जितक्या प्रेमाच्या, तितकी मागे. आणि त्या दगडाच्या मागे उतार होता, उताराच्या खाली खाण.

बाई धावल्या. वय, श्वास, निसरडी वाट, कशाचीच शुद्ध नव्हती. दगडापाशी तिघे बॅटऱ्या फिरवत होते. उजेड धुक्यात दोन हातांवर पांढरा होऊन संपत होता.

"गप्प बसा!" बाई म्हणाल्या. "कोणी हाक मारू नका!"

"अहो बाई, पोर हरवलंय आणि गप्प बसा?" ड्रायव्हरकाका थक्क झाले. "थोड्या वेळाने अंधार पडेल!"

"ती ऐकते आहे. ऐकते आहे म्हणूनच येत नाहीये."

"असं कुठलं पोर असतं?"

"माझं. मी शिकवलेलं."

टपरीवाला मान हलवत म्हणाला, "बाईंचं डोकं फिरलंय. साहजिक आहे." आणि तोंडाशी हात नेऊन त्याने पुन्हा हाक मारायला छाती भरली. बाईंनी त्याचा शर्ट धरला. परक्या माणसाचा शर्ट, दोन्ही मुठींनी.

"हात जोडते. तुम्ही तिला मागे ढकलताय."

सर हळूच म्हणाले, "मग तुम्ही हाक मारा ना, बाई. तुमचा आवाज ओळखेल ती."

"माझ्या आवाजाला फसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत तिला. मैदानावर. बिस्किटं देतो म्हणून."

सरांनी बॅटरी खाली केली.

"मी वाजवतो शिट्टी," ड्रायव्हरकाकांनी दोन बोटं ओठांत घातली. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. रस्त्यावरच्या माणसाची शिट्टी ऐकून ती पोर किती मागे जाईल, याचा विचारसुद्धा नको होता.

सगळे गप्प झाले. धुक्याला स्वतःचा आवाज नसतो. पानावरून पाण्याचा थेंब पडला तरी कोणीतरी पाऊल टाकल्यासारखं वाटतं. बाई दगडाला वळसा घालून मागे गेल्या. गवत दबलेलं होतं, एका लहान माणसापुरतं. जागा रिकामी होती. गवताची मोडलेली रेघ खाली उताराकडे गेली होती.

आणि खालून, बरंच खालून, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. लहानसा. डुबुक.

बाई होत्या तिथेच बसल्या, सवयीने बसत तशाच, पोराच्या उंचीला. इथे कोण? चेहरा आला. उभी सरळ, बारीक, टोपी नीट केलेली. तो चेहरा त्यांनी आधी कधी बघितला नव्हता, आणि आता तो शेवटपर्यंत बघायची त्यांची हिंमत होईना. त्या मांजरीसारख्या हातापायांवर उताराकडे सरकल्या, काठ हाताला लागेपर्यंत. खाली नुसतं पांढरं.

दगड असेल, त्या स्वतःला म्हणाल्या. पायाखालचा दगड निसटला असेल. नुसता दगड.

मग त्या बोलायला लागल्या. हाक मारली नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, हळू.

"ओ देऊ नकोस. हलू पण नकोस. नुसतं ऐक. मी कोण आहे ते तू ठरव. माझ्याकडे शिट्टी नाही."

काही नाही. पानावरून थेंब पडला.

"माझी टोपी उडाली नव्हती. ते मी खोटं सांगितलं सगळ्यांना. टोपी थांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. तू म्हणालीस माझी घ्या, मी म्हटलं नको, तुझी मला लांबून दिसायला हवी. आता दिसत नाहीये, बघ. इतक्या जवळून दिसत नाहीये."

मागे सर उभे होते. त्यांना हे सगळं भ्रमिष्टासारखं वाटत असणार. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या कान देऊन होत्या.

बऱ्याच वेळाने, जिथून आवाज यायला नको तिथून, काठाच्या खालून, एक बारीक आवाज आला.

"टोपीत काय होतं?"

बाईंनी डोळे मिटले. पोर परीक्षा घेत होतं. शिकवल्याप्रमाणे.

"तुझी उलटी."

"अजून?"

"तुझी हिरवी क्लिप पडली होती. ती मी नळाखाली धुतली. माझ्या खिशात आहे."

"शिट्टी का नाही वाजवली?"

"हरवली."

"कोणी?"

सरांनी श्वास घेतला. बाईंनी मागे न बघता हात वर केला, बोलू नका म्हणून.

"मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती, मी दिली. तू कशावर उभी आहेस?"

"बसलेय. थोडीशीच जागा आहे. हाताला मुळी आहे. बाई, ते लोक गेले?"

"ते आपले आहेत. ड्रायव्हरकाका आहेत."

"मला वाटलं दुसरं कोणी त्यांचा आवाज काढतंय."

वळणाची दोरी शिट्टीसारखी हरवली नव्हती, एवढी तरी दया झाली. सरांनी ती बसमधून आणली, पळत गेले आणि पळत आले. बाईंनी ती कमरेला बांधली. ड्रायव्हरकाका म्हणाले मी उतरतो, तर बाई म्हणाल्या, तुमच्या वजनाने कड तुटेल, आणि तिला आता नवीन माणूस दाखवायचं नाही. तिघांनी दोरी धरली. बाई पोटावर झोपून पाय खाली सोडत गेल्या. ओली माती नखांत भरत होती. पाय ठेवावा तिथून खडे सुटत आणि खाली जाऊन पाण्यात बोलत. एकदा दोन्ही पाय सुटले आणि त्या दोरीवर लोंबल्या. वरून टपरीवाल्याच्या तोंडून देवाचं नाव निघालं. मग पायाशी काहीतरी पिवळं दिसलं.

पेन्सिल दगडाला पाठ लावून बसली होती. शिकवल्याप्रमाणे. तिच्या बुटांची टोकं हवेत होती. एका हातात मुळी, दुसऱ्या हाताने टोपी घट्ट धरलेली.

"टोपी सोड," बाई म्हणाल्या. "माझा हात धर."

"टोपी सोडायची नाही म्हणाला होतात."

"आता सोड म्हणते."

पोरीने जरा विचार केला. तो विचार बाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. मग टोपी सुटली, धुक्यात पिवळी खाली गेली, आणि बारीक थंड हात बाईंच्या मनगटाला येऊन चिकटला.

वर आल्यावर ड्रायव्हरकाकांनी आपला स्वेटर तिला घातला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला. कोणी रागावलं नाही, कोणी रडलं नाही. बसमध्ये भिंगरीने विचारलं, "ए, तुझी टोपी?" पेन्सिलने बाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "उडाली."

मोठे सर शाळेच्या पायऱ्यांवर वाट बघत होते. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "पोर सुखरूप आहे ना? मग झालं. उगाच घरी सगळं सविस्तर सांगत बसू नका. शाळेचं नाव आहे."

बाई त्याच पावली पेन्सिलच्या घरी गेल्या. बाप बेकरीत कामाला होता, नुकताच आला होता, कोपरापर्यंत पीठ. बाईंनी काही लपवलं नाही. नियमसुद्धा सांगितला.

बापाने सगळं ऐकलं. हात पुसले नाहीत. मग म्हणाला, "बाई, एक विचारू? मीच तिथे आलो असतो. मी, तिचा बाप, हाका मारत फिरलो असतो. मलाही ओ दिली नसती तिने?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"माझ्याही हाकेने मागेच गेली असती?"

आतून पेन्सिलची आई हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली. हे दार बाईंनी मनात किती वेळा बघितलं होतं, दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

घरी सासूबाईंनी गरम पाणी काढून दिलं आणि बादली पालथी घातली. नवऱ्याने नखांतली माती बघितली. "नवी शिट्टी आणू?" एवढंच म्हणाला. बाई म्हणाल्या, "आण. पण नुसत्या शिट्टीवर भागायचं नाही."

त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्या मनात तो सायकलवाला येऊन उभा राहायचा. आधी तो नेहमी पाठमोरा असे. आता तो ड्रायव्हरकाकांच्या आवाजात हाक मारी. चांगला माणूस असेल, एका हरवलेल्या पोरीला शोधत असेल, आणि ती आपल्याला भिऊन मागे मागे सरते आहे हे त्याला दिसलं असेल, म्हणून घंटी वाजवून निघून गेला असेल. किंवा नसेलही. चाळीस वर्षं ज्या माणसाला भिऊन त्या जगल्या, त्याचं तोंड त्यांना आताही दिसत नव्हतं, आणि आता त्या दोन्ही बाजूंनी घाबरल्या.

पुढच्या वर्षीच्या सहलीआधी त्यांनी शाळेच्या मागच्या पायरीवर बैठक मांडली. पोरांनी एकेकट्याने यायचं आणि बाईंच्या कानात एक गोष्ट सांगायची, जी दुसऱ्या कोणाला माहीत नाही. चुकलात तर शोधायला येणारा माणूस ती गोष्ट सांगेल. सांगितली तर ओ द्यायची, मग आवाज कोणाचाही असो. बाप शोधायला येणार असेल तर ती गोष्ट आपण बापालाही सांगू. आणि आवाज जवळ आला तर मागे सरायचं नाही. आहे तिथेच.

पोरं येत गेली. कोणी पाल पाळली होती, कोणाला बाईंच्या शिट्टीची भीती वाटायची, भिंगरी अंधारात एकटा झोपू शकत नव्हता. काही गोष्टी अशाही होत्या की ऐकताना बाईंनी पोराचा हात धरून ठेवला. कुठे काही लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, कारण लिहिलेलं कोणीही वाचतं. म्हणून सहलीपर्यंत भांडी पुसताना, कापडाच्या घड्या करताना त्यांचे ओठ हलत राहत. एकही गोष्ट निसटली तर? सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आता ही स्वतःशी बोलते."

शेवटाला पेन्सिल आली. पायरीवर बसली, पण कानाशी तोंड नेलं नाही.

"माझं तुमच्याकडे आहे ना आधीच."

"आहे," बाई म्हणाल्या.

सहलीच्या सकाळी बस फाटकातून निघाली. मुलं उजवीकडे चिकटली. बाई शेवटच्या बाकावर, गळ्यात नवी शिट्टी, डावीकडे बघत. भिंत, सायकलींची रांग, बंद नळ. मनात एकेक गोष्ट म्हणत त्या पुढून मागे येत होत्या, आणि मधल्या रांगेतल्या एका मुलापाशी येऊन अडल्या. गोष्ट आठवेना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच अडल्या. बस चौकाशी वळली तशा त्या उठल्या, बाकं धरत धरत पुढे गेल्या आणि ड्रायव्हरकाकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबवा जरा."

"काय झालं बाई?"

"एकाला पुन्हा विचारायचंय."

काकांनी बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.